सूर्यग्रहणाची तयारी, आणि तो फाइंडर

२ ऑगस्ट २०२७, सोमवार, दिव्यांची अवस. खग्रास पट्टा दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि अरबस्तानातून जाणार. कोल्हापुरात दुपार कलल्यावर खंडग्रास दिसेल. सोमवार म्हणजे शाळेचा दिवस, तेव्हा मुख्याध्यापकांची परवानगी आधीच घ्या. दर अमावस्येला ग्रहण का नाही, हे पोरं हमखास विचारतात. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, त्यामुळे एरवी तो सूर्याच्या वरून नाहीतर खालून निघून जातो. दोन्ही कक्षा छेदतात तिथे, म्हणजे राहू-केतूपाशी, सूर्य साधारण १७३ दिवसांनी पोचतो. त्या सुमारास आलेली अमावस्या सूर्यग्रहणाची, पौर्णिमा चंद्रग्रहणाची. एवढं पुरे.

जागा. पन्हाळा नको. ऑगस्टात तिथे ढगच खाली उतरलेले असतात. पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो, म्हणून शिरोळ-जयसिंगपूरकडचं एखादं मैदान हेरून ठेवा. गावातच राहायचं असेल तर पश्चिम मोकळी हवी. रंकाळ्याची चौपाटी चालेल. छत्री, ताडपत्री, पाणी.

चष्मे आयएसओ १२३१२-२ चे. प्रत्येक चष्मा घरातल्या बल्बसमोर धरून बघा, टाचणीएवढा ठिपका जरी दिसला तरी फेकून द्या. वेल्डिंगची काच १४ नंबरचीच. एक्स-रे फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच, परातीतलं पाणी यांतलं काहीही नको. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही, म्हणून माणूस बघतच राहतो.

आता दुर्बीण. सूर्यासाठीचा फिल्टर पुढच्या तोंडाला, टेपने पक्का. डोळ्याकडच्या बाजूला बसवायचा फिल्टर तापून तडकतो, तो वापरू नका. आणि फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी नळी, काढा. झाकू नका, काढा. मोठ्या नळीला फिल्टर लावला की सगळे निर्धास्त होतात आणि शेजारची ती छोटी नळी उघडीच राहते. तीही दुर्बीणच आहे! पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर तीच येते, आणि तिच्यातून निघालेल्या झोताने बुबुळ नाही सापडलं तर केस नाहीतर शर्ट जळतो. झाकण वाऱ्याने पडतं, नाहीतर कुणीतरी कुतूहलाने काढतं. स्क्रू सैल करा, फाइंडर उतरवा, घरी कपाटात ठेवा. मैदानावर आणूच नका. मग सूर्य धरायचा कसा? नळीची जमिनीवरची सावली बघत दुर्बीण फिरवा. सावली सगळ्यात आखूड, गोल झाली की सूर्य आत आला. फाइंडर लागत नाही.

गर्दीसाठी आरसा उत्तम. हातातल्या आरशावर काळा कागद चिकटवा, मध्ये ५ मिमीचं भोक ठेवा आणि कवडसा १० मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर पाडा. सूर्याची प्रतिमा अंतराच्या सुमारे एकशेदहावा भाग असते, म्हणजे इथे ९ सेंटिमीटर. आरसा हातात धरू नका, प्रतिमा नाचते. वाळूच्या पिशवीवर टेकवा. प्रतिमा उजळ करायला भोक मोठं केलंत तर कडा पुसट होतात. खोक्याच्या एका टोकाला बारीक भोक पाडलं आणि आत एक मीटर अंतर असेल तर ९ मिमीचा ठिपका मिळतो, एका पोराला पुरतो. स्वयंपाकघरातली चाळणीही आणा, तिचं प्रत्येक भोक असाच ठिपका पाडतं.

निघायच्या आदल्या रात्री: चष्मे, टेप, आरसा, कागद. फाइंडर घरी राहिला ना? पेटी उघडून बघा.

ढग आले तर थांबा, पाच मिनिटांची फट मिळाली तरी बास. दोघा पोरांत एक चष्मा चालतो. लहानग्यांचे चष्मे रबराने डोक्याला बांधा.

चंद्रग्रहणाला यातलं काहीच नको. ३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री पावणेदहा ते अकराच्या सुमारास खग्रास आहे. स्वेटर घ्या, गच्चीवर जा. तेव्हा फाइंडर लावा.