पाठ मोजल्याशिवाय कॅमेऱ्याची सॅक घेऊ नका

घराबाहेर पडून छायाचित्रण करायला लागून मला नऊ वर्षे झाली आणि त्यांपैकी पहिली तीन मी उजवा खांदा चोळत काढली. कोणती लेन्स कशासाठी घ्यावी, हे तुम्हाला ठाऊक आहे असे मी धरून चालते. ते सगळे सामान दिवसभर अंगावर वागवायचे कसे, याविषयी मात्र मला सुरुवातीला कोणी एक शब्दही सांगितला नव्हता.

माझ्याकडे तेव्हा निकॉन डी 500 आणि 200-500 मिमीची लेन्स होती. बॅटरी आणि कार्डासह बॉडी 860 ग्रॅम आणि कॉलरसह, म्हणजे ट्रायपॉडला जोडायच्या कड्यासह, लेन्स 2300 ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून 3 किलोंहून थोडे अधिक. कुंभारगावला उजनी धरणाच्या पाण्यात होडीत बसून रोहित पक्षी टिपताना हे वजन जाणवत नसे, कारण कॅमेरा बराच वेळ मांडीवरच असे. त्यामुळे तो गळ्यात आणि बाकीचे सामान एका खांद्यावरच्या बॅगेत, ही माझी सवय तशीच पक्की होत गेली. त्याच थाटात मी खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर निघाले. तोलार खिंडीनंतर जिथे कातळावर लोखंडी रेलिंग आहे, तिथे गळ्यातला कॅमेरा झोका घेऊन खडकावर आदळला. तो धरायला मी एक हात सोडला आणि त्याच क्षणी खांद्यावरची बॅग घसरून कोपरापर्यंत आली. मागून येणाऱ्या माणसाने पाठीला आधार दिला, म्हणून मी सावरले. रेलिंग, शिडी किंवा घसाऱ्याची वाट आली की कॅमेरा सॅकच्या आत गेला पाहिजे आणि दोन्ही हात मोकळे झाले पाहिजेत. समोर कितीही सुंदर प्रकाश पडलेला असो, याला अपवाद करू नका.

त्या दिवशी काहीच दुखले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळताना उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर असल्याचे लक्षात आले. कणकेचा ओलसरपणा बाकीच्या बोटांना कळत होता, त्या दोघांना कळत नव्हता. डॉक्टरांनी तपासून, एकाच खांद्यावर सतत ओझे लटकवणे ताबडतोब बंद करायला सांगितले. बोटे पूर्ववत व्हायला दीड महिना लागला. हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. माझा हात पूर्ण बरा झाला आणि आज मी पूर्वीपेक्षा जास्त चालते. पण बधिरपणा आला, तर तो अंगावर काढू नका.

खरी चूक मी यानंतर केली. ज्यांच्याकडे मी शिकत होते त्यांनी सांगितले, ‘‘मोठी, चांगली सॅक घे, म्हणजे प्रश्न मिटेल.’’ मी दुकानात जाऊन तीत किती लेन्स मावतात ते पाहिले, कप्पे मोजले, चेन ओढून पाहिल्या आणि महिन्याचा अर्धा पगार देऊन ती घेतली. माझी पाठ किती लांबीची आहे, हे ना मी पाहिले, ना त्यांनी विचारले. ती सॅक उंच माणसाच्या पाठीसाठी बनवलेली होती. खांद्याचे पट्टे नीट बसवले की कंबरपट्टा नितंबांवर घसरायचा आणि कंबरपट्टा जागेवर आणला की खांद्याचे पट्टे वर अधांतरी राहून सॅक मला मागे ओढायची. शेवटी मी कंबरपट्टा निरुपयोगी समजून मागे बांधून टाकला आणि आणखी वर्षभर सगळा भार खांद्यांवरच वाहिला.

म्हणून हे जरा विस्ताराने सांगते. मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी मणक्याचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे टेपचे एक टोक धरायला कोणाला तरी सांगा. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागे येतील आणि पंजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा पाठीवर जिथे येते, तिथपर्यंतचे अंतर ही तुमच्या पाठीची लांबी. माझी 41 सेंटिमीटर भरली. तुमची उंची किती आहे, याच्याशी तिचा थेट संबंध नसतो. माझी मैत्रीण माझ्यापेक्षा उंच आहे, पण तिची पाठ माझ्याहून आखूड आहे. सॅक या मापाला जुळणारी हवी किंवा तिची पाठ वरखाली सरकवता येणारी हवी. दुकानात ती रिकामी पाठीवर घेऊन काहीच कळत नाही. आत 7-8 किलो वजन भरायला लावा आणि वीस मिनिटे दुकानातच फिरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

घालतानाही क्रम महत्त्वाचा आहे. आधी सगळे पट्टे सैल करा, सॅक पाठीवर घ्या, किंचित वर उचला आणि कंबरपट्टा पोटावर नव्हे, तर कमरेच्या हाडाला कवेत घेईल असा आवळा. मग खांद्याचे पट्टे फक्त अंगाला टेकतील इतके ओढा, त्यांच्या वरच्या टोकाच्या बारीक पट्ट्या हलक्या ताणा आणि छातीवरचा पट्टा सर्वांत शेवटी लावा. जमले आहे की नाही, याची खूण सोपी आहे: खांद्याच्या पट्ट्याखालून बोट सहज सरकले पाहिजे. मला हे पहिल्यांदा जमले, तेव्हा तेच सामान कोणीतरी निम्मे काढून घेतल्यासारखे वाटले होते.

भरताना जड लेन्स पाठीला चिकटून, खांद्यांच्या फऱ्यांच्या पातळीच्या आसपास येऊ द्या. ती तळाशी किंवा पाठीपासून दूर गेली की सॅक मागे खेचते. ट्रायपॉड एका बाजूला लटकवू नका, मधोमध बांधा. दिवसभराचे 3 लिटर पाणी म्हणजे 3 किलो, हे हिशेबात धरा. एकूण ओझे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत ठेवावे, हा ट्रेकर मंडळींचा ढोबळ नियम मीही पाळते.

चालता चालता पक्षी टिपायचे असतील तर तिरका पट्टा उत्तम, मात्र जड लेन्स असताना तो बॉडीला न लावता लेन्सच्या कॉलरला लावा, म्हणजे माउंटवर, लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, ताण येत नाही. त्याचा पाव इंची स्क्रू चालण्याच्या हिसक्यांनी हळूहळू सैल होतो, तेव्हा प्रत्येक थांब्यावर तो हाताने तपासा. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर बसणारी, कॅमेरा अडकवायची क्लिप छोट्या लेन्सपुरती चांगली आहे. ती सगळ्या दुखण्यांवरचा उपाय असल्याचे सांगणारे व्हिडिओ पाहून पैसे घालवू नका.

गर्दीत हे सगळे नियम बदलतात. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर दिवे घाट चढताना मी एकदा सॅक घेऊन गेले आणि दर वळणावर ती कोणा ना कोणा वारकऱ्याला लागत राहिली. मला त्याचे फार वाईट वाटले. तेव्हापासून वारीत मी कमरेला एक लहान पाऊच, हातात एक बॉडी आणि 35 मिमीची एकच लेन्स नेते. डोक्यावर तुळस घेतलेली एक मावशी त्या चढावर माझ्यापुढे चालत होती. तिची मान, पाठ आणि कंबर एका ओळीत होती आणि तुळशीची पाने वाऱ्याने हलत होती तेवढीच. कॅमेरा गळ्यात अडकवून माझी मान मात्र पुढे वाकलेली होती.

जे गुरू ‘हेही घे, तेही घे’ म्हणतात आणि ‘घरी काय ठेवून आलीस’ हे कधीच विचारत नाहीत, त्यांच्याकडून प्रकाश आणि चौकट जरूर शिका, पण सामानाच्या बाबतीत त्यांचे ऐकू नका. काही जण शिकाऊ मुलांच्या पाठीवर स्वतःचा ट्रायपॉडही देतात आणि त्याला शिकवणे म्हणतात. तो स्पष्टपणे नाकारावा, असे माझे मत आहे. मी पुढे 200-500 विकून 755 ग्रॅमची 300 मिमी एफ/4 पीएफ लेन्स घेतली. पल्ला कमी झाला, काही पक्षी हातचे गेले, पण संध्याकाळच्या प्रकाशापर्यंत अंगात ताकद उरू लागली. तुम्ही लगेच काही विकू नका. पुढच्या तीन फेऱ्यांत सॅकमधून एकदाही बाहेर न निघालेली वस्तू कोणती, तेवढे लिहून ठेवा आणि चौथ्या फेरीला ती घरी ठेवा.