डग्ग्याचा घुमारा कसा आवरला

गाणं ऐकायला १२ बाय १० फुटांची खोली वेगळी काढली, पण डग्गा इतका घुमायचा की तानपुरा त्याखाली बुडून जायचा. स्पीकरचा दोष नव्हता. १२ फुटी लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे ९४ च्या आसपासचा आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. भिंतीला टेकून बसलं की तो सगळ्यात जास्त ऐकू येतो.

म्हणून खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फूट पुढे ओढली. खर्च शून्य, फरक सर्वांत मोठा. मग कोपऱ्यांत ४ इंची रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंच्या, आवाज शोषणाऱ्या लोकरीचे) पॅनेल, कापडात गुंडाळून, भिंतीपासून जरा सुटे उभे केले. (अंड्यांचे ट्रे लावा म्हणणारे भेटतातच. खर्जाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.)

बाजूच्या भिंतींवर मुलीने आरसा सरकवत नेला. खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे पॅनेल, कारण तिथूनच आवाज आपटून कानावर येतो. खाली जाड सतरंजी. बाकी भिंती मुद्दाम उघड्या ठेवल्या, नाहीतर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणझण, मरते.

शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज याने थांबत नाही. त्यासाठी जड दार आणि फटींना रबरी पट्टी हवी. ते काम दिवाळीनंतर.