पसारा आवरताना माळ्यावर चढू नका

दिवाळी तोंडावर आली की आपण थेट माळ्यावर चढतो आणि फसतो. जुना अल्बम हाती लागतो, फोटो बघण्यात दुपार जाते आणि संध्याकाळी हॉलभर पसारा. त्यापेक्षा ओट्याखालच्या डब्यांपासून सुरुवात करा. त्यांत आठवणी नसतात, त्यामुळे निर्णय झटपट होतात.

मोबाइलवर २० मिनिटांचा गजर लावा. सगळे डबे खाली काढा आणि प्रत्येकाला त्याचं झाकण बसतंय का बघा. झाकण नसलेला डबा आणि डबा नसलेलं झाकण, दोन्ही सरळ पिशवीत. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे चार ठेवा, शेजारी काही द्यायला लागतात, चाळीस नकोत. तेलकट वास न जाणारेही काढा. गजर वाजला की थांबा, उरलेलं उद्या.

पिशवी मात्र त्याच दिवशी भंगारवाल्याकडे गेली पाहिजे. दाराशी राहिली तर कुणीतरी (आमच्याकडे सासूबाई) ‘असू दे गं’ म्हणत निम्मे डबे परत आत नेतं.

कपड्यांचा कप्पा बोहारीण यायच्या आदल्या दिवशी काढा.