पिल्लाची घरातली शू अशी थांबली

परभणीच्या आमच्या घरी गावठी कुत्र्याचं पिल्लू आणलं, तेव्हा ते दोन महिन्यांचं होतं. पायपुसण्यावर, पलंगाखाली, देवघरासमोर, कुठंही शू. आई वैतागली, ते साहजिकच होतं.

एवढ्या लहान जिवाला लघवी फार वेळ धरवत नाही. ढोबळ हिशेब असा, की जितके महिने वय तितके तास, आणि खेळताना त्याहूनही कमी. म्हणून झोपून उठलं, खाल्लं किंवा खेळून झालं, की त्याला उचलून थेट अंगणातल्या लिंबाखाली न्यायचं. जागा रोज तीच. नाक जमिनीला लावून गोल गोल फिरायला लागलं, की समजायचं. शू झाली की तिथंच, त्याच क्षणी ज्वारीच्या भाकरीचा तुकडा. घरात येऊन दिला तर तो कशाबद्दल मिळाला, हे त्याला कळत नाही.

शेजारचे काका म्हणायचे, त्याचं नाक शूमध्ये घासा. हे अजिबात करू नका. पिल्लू फक्त भितं आणि लपून करायला शिकतं.

फरशी व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा, अमोनियाचं क्लीनर नको; त्याचा वास लघवीसारखाच असतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात शू कमी व्हावी म्हणून पाणी तोडू नका. दुपारी सावलीतूनच न्या, तापलेल्या फरशीवर पंजे पोळतात. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर सोडू नका, पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची भीती असते. आणि सारखी थेंब थेंब होत असेल तर ती सवय नसून संसर्ग असू शकतो, जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.