गणपतीला गावच्या घरी अठरा माणसं : तयारी कशी करावी

कोकणातल्या गावच्या घरात एरवी दोन-तीन माणसं. चतुर्थीला मुंबई-पुण्याहून मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं आली की अठराजण सहज होतात. जेवण कधी कमी पडत नाही. अडतं ते पाणी, संडास आणि अंथरुणांपाशी. तयारी तिथूनच सुरू करावी.

येणाऱ्यांकडून तारखा मात्र दोन महिने आधीच पक्क्या करून घ्या. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी सकाळी 8 वाजता उघडतं आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात.

पाणी आणि संडास

माणशी रोज 55 लिटर धरलं तर अठरा जणांना जवळपास 1000 लिटर लागतं. टाकी 500 लिटरची असेल तर ती दिवसातून दोनदा भरावी लागेल. पावसात वीज गेली की पंप बंद, म्हणून रात्री निजण्यापूर्वी टाकी भरून घ्या आणि न्हाणीघरात 200 लिटरचं पिंप भरून झाकून ठेवा. पिण्याचं पाणी वेगळं काढा. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढुळतं आणि पहिली पोटं बिघडतात ती शहरातून आलेल्या पोरांची. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून खळखळून उकळा.

शौचालयाची टाकी महिनाभर आधी तपासा. जमीन पावसाने भिजलेली असते, शोषखड्डा पाणी ओढत नाही आणि एकदम माणसं वाढली की ते उलटं फिरतं. सणाच्या आठवड्यात उपसायला कोणी मिळत नाही.

अंथरुणं

ट्रंकेतल्या गोधड्यांना ओल लागून वास येतो. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी त्या दांडीवर घाला, दोन्ही बाजू तापू द्या. म्हाताऱ्या माणसांना संडासाजवळची खोली द्या, खाटेशी बॅटरी ठेवा. पोरांना माजघरात ओळीने झोपवा, वर एकच मोठी मच्छरदाणी. वेगवेगळ्या खोल्यांत विभागलीत तर ती रात्रभर इकडून तिकडे पळतील.

स्वयंपाक

एका वेळच्या भाताला बारा मोठे आणि सहा लहान मिळून दीड किलो तांदूळ, वरणाला अर्धा किलो तूरडाळ. काळ्या वाटाण्याच्या उसळीला पाऊण ते एक किलो वाटाणे आदल्या रात्रीच भिजत घाला. ऐनवेळी गरम पाण्यात टाकलेले वाटाणे आतून कडकच राहतात. गॅसचं जादा सिलिंडर भरलेलं हवं.

उकडीचे साठ मोदक करायचे तर सहा वाट्या पिठी, सहा वाट्या पाणी, चार नारळ आणि खोबऱ्याच्या निम्मा गूळ. उकळत्या पाण्यात मीठ आणि चमचाभर तूप घालून पिठी टाका, ढवळून झाकण ठेवा, दोन वाफा येऊ द्या. उकड गरम असतानाच तेलपाण्याचा हात लावून मळायची. थंड झाल्यावर मळली की पारीला कळ्या घेताना भेगा पडतात. पिठी जुनी असली तरी तेच होतं. सारण सैल राहिलं तर मोदक तळाशी फुटतो, म्हणून ते कढईच्या कडा सोडेपर्यंत परता. मळलेल्या उकडीवर ओलं फडकं हवंच. हळदीच्या पानावर मोदक मांडून 10 ते 12 मिनिटं वाफवा. पहिले 21 नैवेद्याचे, बाकीचे घाणे पंगतीला.

हे काम एकट्या सुनेवर टाकू नका. सारण आदल्या दिवशी करून ठेवता येतं, नारळ जावयांनी खवावेत, उकड एकीने मळावी, दोघींनी कळ्या पाडाव्यात. उरलेल्या उकडीत मिरची, जिरं, मीठ मळून पोरांना निवगऱ्या थापू द्या; वाकड्यातिकड्या झाल्या तरी छान लागतात.

नातवंडं

प्रत्येकाला ठरलेलं काम द्या: दूर्वांच्या 21-21च्या जुड्या, आरतीचं तबक, झांजा. दूर्वा काढायला बांधावर जाताना पायात बूट हवेत आणि सोबत मोठं माणूस. गवतात सापकिरडू असतं. कठडा नसलेल्या विहिरीभोवती आधीच बांबू बांधा. ओले कपडे पावसात वाळत नाहीत, तेव्हा प्रत्येक मुलाचे चार जोड जादा आणायला आईबापांना सांगून ठेवा. विसर्जनाला नदीवर एका मोठ्याकडे दोनच मुलं, आणि पाण्यात उतरायचं ते फक्त पोहणाऱ्या मोठ्यांनी.