डोळ्याच्या पडद्यावरील शीर बंद झाल्यास काय करावे

एका डोळ्याने अचानक धूसर दिसू लागले, तरी डोळा दुखत नसेल आणि लालही झालेला नसेल, तर मोतीबिंदू वाढला असावा असे समजून अनेक जण थांबतात. मोतीबिंदू मात्र एका रात्रीत वाढत नाही; अशा वेळी डोळ्याच्या पडद्यावरील शीर बंद झालेली असू शकते. म्हणून प्रथम एकेक डोळा झाकून खिडकीच्या सरळ गजांकडे पाहावे, आणि एका डोळ्याला ते वाकडे, पुसट किंवा तुटक दिसत असतील तर एक-दोन दिवसांतच पडद्याच्या तज्ज्ञाकडे जावे. नजर एकाएकी जवळजवळ पूर्ण गेली असेल, तर शुद्ध रक्त आणणारी रोहिणीच बंद पडलेली असू शकते. तो पक्षाघातासारखाच तातडीचा प्रसंग असल्याने थेट मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठावा.

शीर बंद होण्यामागचे कारण बहुधा डोळ्याबाहेरचे असते. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पडद्यावर, रोहिणी आणि रक्त परत नेणारी शीर म्हणजे नीला जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथे दोघींभोवती एकच आवरण असते. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने रोहिणीची भिंत जाड व कडक झाली की तिच्याखालची नीला दबते, रक्त साचून पडद्यावर ठिकठिकाणी रक्तस्राव होतो आणि पडद्याच्या मध्यबिंदूला, म्हणजे स्पष्ट नजरेच्या जागेला, सूज येते. रोहिण्या अरुंद झाल्याचे आणि नीला दबू लागल्याचे नजर कमी होण्याआधीही पडद्यावर दिसू शकते, त्यामुळे रक्तदाबाच्या रुग्णाने केवळ चष्म्याचा नंबर तपासून परत येऊ नये.

तपासणीला जाताना रक्तदाबाच्या नोंदी, साखरेचे व कोलेस्टेरॉलचे अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, म्हणून स्वतः गाडी चालवू नये. ओसीटी या प्रकाशकिरणांनी पडद्याचे थर दाखवणाऱ्या तपासणीत सुजेची जाडी कळते. अँजिओग्राफीत, म्हणजे पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या छायाचित्रणात, हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देतात, त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते. त्याने घाबरू नये, परंतु ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास आधीच सांगावे.

सूज असल्यास डोळ्यात इंजेक्शने देतात, सुरुवातीला बहुधा दरमहा. इंजेक्शनाने बंद शीर उघडत नाही, सूज उतरते, आणि औषधाचा परिणाम ओसरल्यावर ती परत येऊ शकते. हे आधी समजले नाही तर तिसऱ्या इंजेक्शनानंतर रुग्ण कंटाळून येणे बंद करतो. स्टेरॉइडच्या पर्यायात डोळ्याचा दाब वाढण्याची आणि मोतीबिंदू लवकर होण्याची शक्यता विचारून घ्यावी. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असल्यास तेही सांगावे. इंजेक्शनानंतरच्या दिवसांत वेदना व लाली वाढून नजर कमी होऊ लागली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

मुख्य नीला बंद झालेल्या रुग्णाने पहिले सहा महिने एकही भेट चुकवू नये. रक्तपुरवठा फार घटला असेल तर साधारण तीन महिन्यांच्या आसपास बुबुळावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून अवघड काचबिंदू होऊ शकतो. त्या वाहिन्या बाहुली मोठी करण्यापूर्वीच नीट दिसतात, तेव्हा थेंब घालण्याआधी बुबुळ पाहिले का, हे रुग्णाने निःसंकोच विचारावे. याच काळात फिजिशियनला डोळ्याचा अहवाल दाखवून रक्तदाबाचे औषध बदलण्याची गरज आहे का ते ठरवून घ्यावे. ॲस्पिरिन मात्र स्वतःच्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये. रुग्ण पन्नाशीच्या बराच आतला असेल आणि रक्तदाब, साखर दोन्ही ठीक असतील, तर रक्त गोठण्याच्या तपासण्या कराव्यात का, हेही याच भेटीत विचारावे.