जाळी बदलताना क्लिपांची घाई नको

गाडीची पुढची जाळी, म्हणजे ग्रिल, घरी बदलायची असेल तर काम दुपारच्या उन्हात काढा. गारठ्यात प्लास्टिक कडक होतं आणि जाळी अडकवणारे लॉक कटकन तुटतात. बॉनेट उघडून वरचे स्क्रू आणि क्लिपा आधी काढा. क्लिपेची मधली टिकली पातळ पेचकसाने उचलली की ती अलगद सुटते. पकडीने ओढलीत की गेलीच. बंपर आणि हेडलाइटच्या कडांना मास्किंग टेप लावा. माझा पहिला ओरखडा तिथेच पडला होता. खालचे लॉक दिसत नाहीत, ते बोटांनी चाचपून एकेक दाबायचे.

नवी जाळी आधी नुसती टेकवून बघा. बाजारातल्या जाळ्यांची भोकं बऱ्याचदा दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतात. भोक कानशीने थोडं मोठं करा, जाळी ताणून बसवू नका. दिसायला भारी पण जवळजवळ बंद असलेली जाळी घेऊ नका, रेडिएटरला हवा कमी पडते आणि घाटात इंजिन तापतं. लोगोमागे पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार असेल तर धातूची जाळी नकोच. शिवाय बंपरपुढे लोखंडी बुलबार, म्हणजे जाड नळ्यांचा गार्डही लावायचा विचार असेल, तर २०१७ पासून केंद्राने त्यावर कारवाई करायला सांगितलंय.